'खाण बंद करणं' हेही करिअर असतं का? : बडोद्याच्या एका वडिलांना उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्राचा गोषवारा असा: मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.एस्सी. जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. छोटा उदेपूरच्या फील्ड ट्रिपवरून आल्यापासून खणून ठेवलेली जमीन पूर्ववत करणं आणि ती तशी होते की नाही हे तपासणं, याच कामात जायचं म्हणते. तुम्हाला वाटतं की असं काम फक्त कागदावर असतं. त्यापेक्षा एक वर्षाचा पर्यावरण डिप्लोमा करून तिनं बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात लागावं.

काम आहे, आणि कागदावर असतं हेही खरं आहे. पण तो कागद कोण करू शकतो हे नियमानं बांधलेलं आहे, आणि तुमचा डिप्लोमा तिथेच अडतो. प्रमुख खनिजांच्या (म्हणजे केंद्राच्या नियमांखालच्या; राज्यांकडची ती 'गौण') खाणीचा आराखडा, म्हणजे मायनिंग प्लॅन, करणाऱ्याकडे मायनिंग इंजिनिअरिंगची पदवी किंवा जिऑलॉजीची पदव्युत्तर पदवी हवी. शिवाय पदवीनंतर खाणक्षेत्रात पर्यवेक्षकाच्या दर्जाचा पाच वर्षांचा अनुभव हवा. खाण टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा आराखडाही याच कामाचा भाग. तेव्हा एम.एस्सी. आधी, बाकी सगळं नंतर. तिला आय.आय.टी.त जायचं असेल तर त्यासाठीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते आणि फॉर्म त्याच्या बरेच महिने आधी भरावे लागतात. नाहीतर बडोद्यातच एम.एस्सी. करावी, त्यात कमीपणा काही नाही.

आता कामाचं स्वरूप. बडोद्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत तीन खनिजं आहेत आणि तिन्हींच्या फायली तीन वेगळ्या दारांत जातात. छोटा उदेपूरचा डोलोमाइट 2015 पासून गौण खनिज आहे, त्यामुळे तो राज्याच्या नियमांखाली, म्हणजे गांधीनगरच्या भूविज्ञान व खनिज आयुक्तांकडे. आंबाडुंगरचं फ्लोरस्पार प्रमुख खनिज, म्हणून ते भारतीय खाण ब्युरोकडे. त्याचं मुख्यालय नागपूरला. राजपारडीचा लिग्नाइट कोळशाच्या गटात, तो कोळसा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालतो. मुलाखतीत उमेदवार पहिल्यांदा पडतात ते इथेच: डोलोमाइटच्या खाणीला ब्युरोचे नियम लावून मोकळे होतात.

ब्युरोकडच्या खाणींचं गणित तिनं आत्ताच हातानं करून पाहावं. जमीन पूर्ववत करीन याची हमी म्हणून मालकाला रक्कम बांधून द्यावी लागते. नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर ती 'अ' वर्गातल्या (यंत्रांनी चालणाऱ्या किंवा जास्त कामगारांच्या) खाणीसाठी हेक्टरी 5 लाख रुपये, 'ब' वर्गासाठी (बाकीच्या खाणी) 3 लाख. त्याआधी हे आकडे 3 आणि 2 लाख होते. हा दर संपूर्ण लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यानं मिळालेल्या सगळ्या जमिनीवर, लागत नाही, वापरात आलेल्या जमिनीवर लागतो. आराखड्यातल्या तक्त्यात आजची वापरलेली जमीन आणि पुढच्या पाच वर्षांत लागणारी जमीन यांची बेरीज करतात आणि त्यातून पूर्ण पुनर्स्थापित झालेली वजा करतात. समजा 14 हेक्टर वापरात आहेत, 4 वाढणार आणि 3 पूर्ववत झालेत: राहिले 15, 'अ' वर्गाला हमी 75 लाख. त्या वजाबाकीच्या रकान्यातच सगळी ओढाताण असते. दोन पावसाळ्यांत मेलेली रोपं 'पुनर्स्थापित' म्हणून दाखवली की हमी कमी होते. दोन मीटर अंतरानं लावली तर हेक्टरी 2,500 रोपं बसतात. ती लावल्याचं बिल मिळतं, पण जगली किती हे चौकटी आखून मोजावं लागतं. आणि मोजायला कुणाला वेळ नसतो!

रोपं का मरतात? बहुतेक वेळा वरची माती गेलेली असते म्हणून. एका हेक्टरवरची 30 सेंटिमीटर माती म्हणजे 3,000 घनमीटर. ती वेगळी रचून ठेवायची, तर डंपर ती बिनकामाच्या दगडावरच ओततात. वेगळी ठेवली तरी उंच ढीग करून वर्षानुवर्षं राहिली, तर आतल्या थरात हवा पोचत नाही आणि जिवाणू मरतात. लिग्नाइटच्या डंपमध्ये आणखी एक भानगड: गंधकयुक्त पायराइट हवा-पाण्यानं आम्लधर्मी होतं. मालात पायराइटच्या रूपातलं गंधक 1 टक्का असेल तर ते आम्ल मारायला 1,000 टन मालाला 31.25 टन चुनखडी, हा ठोकताळा आहे. तिचं केमिस्ट्री कच्चं असेल तर ते आत्ताच पक्कं करून घ्या.

कायद्याच्या अभ्यासात वेगळं वर्ष घालवू नये, नियम मूळ राजपत्रात वाचावेत. त्याऐवजी क्यू.जी.आय.एस. हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि ड्रोनच्या नकाशांवर आकारमान काढणं शिकावं. 50 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लीजना, तसंच वर्षाला 10 लाख टन किंवा त्याहून जास्त उत्खननाची योजना असलेल्यांना दरवर्षी ड्रोन सर्व्हे द्यावा लागतो, हद्दीबाहेरच्या 100 मीटरसकट. हे काम येणारी माणसं कमी आहेत.

नंदेसरीचं म्हणाल, तर तो मार्ग अगदीच वाया जात नाही. दूषित जागांसाठी 2025 चे नवे केंद्रीय नियम आलेत आणि त्यातून निव्वळ खाणकाम वगळलेलं आहे; म्हणजे कारखान्यांच्या पट्ट्यातलं माती-पाणी तपासण्याचं काम वेगळं उभं राहील. पण त्यातही केमिस्ट किंवा इंजिनिअर पुढे राहतो, डिप्लोमावाला नमुने गोळा करत बसतो.

मुलगी खाणीवर जाणार ही तुमची काळजी समजते. 2019 मध्ये केंद्रानं उघड्या खाणींत स्त्रियांना रात्रपाळीचीही मुभा दिली, ती लेखी संमतीनं आणि किमान तिघींच्या गटात. आराखड्याचं काम बहुतांशी दिवसाच असतं.

दिवाळीच्या सुटीत तिला एक काम द्या. परिवेश या पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी पोर्टलवरून छोटा उदेपूरच्या एका डोलोमाइट खाणीचं पर्यावरण मंजुरीपत्र काढावं, वृक्षारोपणाची अट शोधावी, आणि गूगल अर्थवर त्याच जागेची मागच्या दहा वर्षांची छायाचित्रं शेजारी ठेवून पाहावीत. मंजुरीधारकाला दर 1 जून आणि 1 डिसेंबरला अनुपालन अहवाल, म्हणजे अटी पाळल्याचा हिशेब, द्यावा लागतो. तो मिळाला तर त्यातला हिरवळीचा आकडा आणि छायाचित्रातलं क्षेत्रफळ दोन्ही मोजून मला पाठवावं.