साताऱ्याजवळच्या कास पठारावर पहिल्यांदा जातोयस, तर फुलांच्या गालिच्याचे फोटो विसर

गालिचा सगळेच बघतात. तू गुडघे टेक आणि खडक बघ. पायाखाली जांभा दगड आहे, माती बोटभरसुद्धा नाही. पावसात थपथप ओला आणि मार्चमध्ये तव्यासारखा तापलेला. एवढ्याशा जागेत टिकायचं म्हणून प्रत्येक झाडानं आपला कोपरा धरलाय.

पाणी झिरपतं तिथं सीतेची आसवं. फूल निळं-जांभळं, नाजूक, पण ओल्या मातीत त्याच्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव गिळत असतात. जांभ्यात नत्र कमी, मग पोट भरायचं कसं? शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती तेच करते, चिकट थेंबांनी. भिंगातून बघ, एखादं चिलट अडकलेलं सापडेलच. साचलेल्या डबक्यात वायतुरा: इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा. पाणी आटलं की तो कंदात दडून बसतो. भेगांतलं गवत वाळून कोळ झालं म्हणून मेलं समजू नकोस, काही जाती पहिल्या सरीबरोबर पुन्हा हिरव्या होतात.

मी पहिल्या वर्षी फोटोच्या नादात बुटासकट अशाच एका डबक्यात उतरलो होतो. काय तुडवलं ते बाहेर आल्यावर बुटाच्या तळाला चिकटलेलं दिसलं. उघड्या खडकावरच पाय ठेव.

आणि एकदाच जाऊन फुलांची यादी पुरी होत नाही, बाबा. जुलै, ऑगस्टअखेर, सप्टेंबरअखेर असा तीनदा जा. रविवारी नको. गर्दी आवडत नसेल तर चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्क्यांची घरघर सोसावी लागेल, एवढंच.