बाहुलीसाठी पॉलिमर क्लेचा वडापाव करते, आकार जमतो, पण तो प्लास्टिकचा दिसतो आणि ओव्हनमध्ये काळा पडतो, काय चुकतंय?

तुम्ही म्हणताय आकार जमतो, घोळ रंगात आणि भाजण्यात आहे. माझंही सुरुवातीला अगदी हेच व्हायचं. भाचीच्या बार्बीसाठी करायला घेतलं होतं आणि पहिले दहा-बारा पाव सरळ टाकून दिले.

तुम्ही पावासाठी आयता ब्राऊन क्ले घेत असणार. एकदा खरी लादी समोर ठेवून नीट बघा, वरून खरपूस तपकिरी पण जिथून पाव तोडतो तिथे कडेला पांढरट आणि तंतू सुटलेले. म्हणून क्लेला रंग कच्च्या कणकेचा द्यायचा, पांढरा, थोडा ट्रान्सलुसंट (अर्धपारदर्शक) आणि कणभर पिवळा, आणि भाजल्याचा रंग वरून खडूने लावायचा. सॉफ्ट पेस्टलचा कोरडा खडू (ऑइल पेस्टल नको) ब्लेडने खरवडायचा आणि ती पावडर मऊ ब्रशने फक्त वरच्या फुगीर भागावर लावायची, आधी पिवळसर, मग तपकिरी, मग अगदी माथ्यावर थोडासा गडद, आणि हे सगळं ओव्हनमध्ये घालायच्या आधीच कारण कच्च्या क्लेवर पावडर छान धरते. कडा सुईने उचकटायच्या. पुरणपोळीचे डागसुद्धा असेच, फक्त ब्रश न फिरवता टेकवत जायचं.

वड्याला जुना टूथब्रश टोचून खरबरीत करा. लसणाच्या चटणीसाठी मी भाजलेल्या लालसर क्लेचा तुकडा बारीक किसणीवर किसते (ती किसणी परत स्वयंपाकात वापरायची नाही) आणि तो चुरा लिक्विड क्लेत (पातळ, ओतता येणाऱ्या पॉलिमर क्लेत) कालवते, हुबेहूब दिसते हो! उकडीच्या मोदकाला मात्र ट्रान्सलुसंट जास्त आणि पांढरा नावाला, नुसता पांढरा घेतला की मोदक चुन्याचा वाटतो.

माप पण तपासा. बार्बी 1:6 ची, म्हणजे सगळं खऱ्याच्या सहाव्या हिश्शाचं, साडेसात सेंटीमीटरचा पाव सव्वा सेंटीमीटरचाच हवा.

आता काळं पडण्याचं. पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी आणि त्याला मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर, तो वाळत नाही, उष्णतेने पक्का होतो. हे क्लेच्या ब्रँडवर ठरतं: फिमो सॉफ्टला 110 डिग्री सेल्सिअसवर 30 मिनिटं, स्कल्पी प्रीमोला 130 वर, दर 6 मिलिमीटर जाडीला 30 मिनिटं, पाकिटावर लिहिलेलं असतं ते बघा. पण ओटीजीच्या (घरच्या छोट्या कॉइलच्या ओव्हनच्या) डायलवर विश्वास ठेवू नका, माझ्याकडे डायल 130 वर होता आणि आत थर्मामीटर ठेवून बघितलं तर 160! तेव्हा ओव्हन थर्मामीटर घ्याच, ओव्हन आधी तापवा, ट्रे वरच्या कॉइलपासून लांब ठेवा आणि वर फॉइलची सैल झाकणी घाला. क्ले जळायला लागला तर हायड्रोजन क्लोराइडचा त्रासदायक वायू सुटतो, तसा वास आला की लगेच ओव्हन बंद, खिडक्या उघड्या आणि तुम्ही खोलीच्या बाहेर. मायक्रोवेव्हमध्ये तर घालूच नका.

आणि कच्चा वडापाव बार्बीच्या प्लास्टिकच्या ताटलीत ठेवून देऊ नका, कच्च्या क्लेतल्या प्लास्टिसायझरने बरंच कडक प्लास्टिक चिकट होऊन विरघळतं, आमची एक ताटली अशीच गेली. आधी टाइलवर भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मगच ताटलीत चिकटवा.