डुप३ वापरलेला प्रोग्राम नव्या उबुंटूवर चालतो, पण जुन्या सेंटओएस ५ वर आणि मॅकवर का चालत नाही?

तुमच्या कोडमध्ये चूक नाही. डुप३ (dup3) हा सिस्टिम कॉल डिस्क्रिप्टरची, म्हणजे उघड्या फाइलच्या किंवा पाइपच्या नंबराची, ठरावीक नंबरावर प्रत करतो. तो लिनक्स कर्नलमध्ये २.६.२७ ला (२००८) आणि जीलिबसीमध्ये (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.९ ला आला. सेंटओएस ५ वर कर्नल २.६.१८ आणि जीलिबसी २.५ आहे, म्हणून तिथे प्रोग्राम सुरूच होत नाही. मॅकओएसमध्ये तर हा कॉल वर्षानुवर्षं नव्हताच.

आधी एक तपासा: तुम्हाला डुप३ खरंच लागतो का? फोर्कनंतर (नवी चाइल्ड प्रोसेस बनवल्यावर), एक्झेकच्या (तिच्यात दुसरा प्रोग्राम चालवण्याच्या) आधी पाइपचं टोक ० (स्टँडर्ड इनपुट) किंवा १ (स्टँडर्ड आउटपुट) वर आणायचं असेल, तर साधा डुप२ पुरतो आणि तो सगळीकडे आहे. नव्या डिस्क्रिप्टरवर क्लोज-ऑन-एक्झेक (एक्झेक होताच डिस्क्रिप्टर आपोआप बंद करणारा फ्लॅग) नसतो, आणि इथे तेच हवं असतं. खड्डा एकच आहे. दोन्ही नंबर सारखे निघाले तर डुप२ काहीच करत नाही, जुना क्लोज-ऑन-एक्झेक तसाच राहतो आणि एक्झेक होताच तुमचा स्टँडर्ड आउटपुट बंद होतो. ही तुलना स्वतः करा आणि नंबर सारखे असतील तर एफसीएनटीएल (fcntl) या कॉलने तो फ्लॅग काढून टाका.

प्रत स्वतःच्याच प्रोसेसमध्ये ठेवायची असेल आणि नंबर कुठलाही चालत असेल, तर एफसीएनटीएलला एफ_डुपएफडी_क्लोएक्झेक (F_DUPFD_CLOEXEC) द्या; त्याने प्रत आणि फ्लॅग एकाच पायरीत होतात. तो पॉसिक्स २००८ या युनिक्स मानकात आहे, लिनक्सवर २.६.२४ पासून आहे, मॅकवरही आहे. सेंटओएस ५ वर मात्र आधी एफ_डुपएफडीने नुसती प्रत आणि मग फ्लॅग, अशा दोन पायऱ्या कराव्या लागतील.

या दोन पायऱ्यांमधली फट फार वाईट. माझ्या एका प्रोग्राममध्ये पाइप वाचणाऱ्याला ईओएफ (डेटा संपल्याची खूण) येईचना. लिहिण्याचं टोक मी बंद केलेलं, तरी वाचणारा अडकलेलाच. तीन दिवसांनी एलएसओएफमध्ये (उघड्या फाइली दाखवणारं साधन) दिसलं: नेमक्या त्या फटीत दुसऱ्या थ्रेडने फोर्क केला होता आणि त्या चाइल्डकडे टोकाची एक प्रत राहिली होती. म्हणून जुन्या सिस्टिमवर या दोन पायऱ्या आणि तुमचे सगळे फोर्क एकाच म्युटेक्सखाली (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घ्या. एखादी लायब्ररी आतून पीओपेन (popen, जो स्वतःच फोर्क करतो) करत असेल तर तिला हे कुलूप लागू होत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

कर्नलचा नंबर बघून निर्णय घेऊ नका, कारण रेड हॅट नव्या गोष्टी जुन्या नंबरात आणते. एफ_डुपएफडी_क्लोएक्झेक देऊन बघा, ईआयएनव्हीएएल (EINVAL, चुकीचा आर्ग्युमेंट) ही एरर आली तर दोन पायऱ्यांची वाट धरा. आणि बायनरी सेंटओएस ५ वरच बिल्ड करा.