अल्ट्रासाऊंडच्या आधी धातू

डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय. त्या लिहितात: "मुलगा फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत मेंटेनन्सची नोकरी कॅम्पसमधून मिळालीय. तो म्हणतो, नोकरी नको, वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये अल्ट्रासाऊंड सोडण्यावर एम.टेक. करणार. सोनोग्राफीचं मशीन आणि अॅल्युमिनियमचं पातेलं यांचा संबंध काय, हेच मला कळत नाही. त्याचे बाबा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा घर कसं चालवलं ते आम्हालाच ठाऊक. एकाच गोष्टीवर विसंबून राहायची आता भीती वाटते. त्याला अडवू का?"

ताई, अडवू नका. मात्र तुमची भीती खरी आहे आणि माझा सल्ला तिच्यावरच उभा आहे.

आधी संबंध सांगतो. लोणी कढवून तूप गाळून ठेवलं की ते निवताना त्यात रवा धरतो. सावकाश निवलं तर रवा जाड, झटपट निवलं तर बारीक. अॅल्युमिनियम साच्यात ओतल्यावर तसंच होतं, फक्त ते साधारण ६६० अंशांखाली गोठतं. त्याचे रवे फांद्या फुटलेल्या झाडासारखे वाढतात. तुपाला आपण जाड रव्यावरून नावाजतो, पण धातूचा रवा बारीक हवा. रवा बारीक असला की ओतलेला भाग जास्त ताकदीचा होतो आणि गोठताना तडकण्याचा धोका कमी होतो.

तुमचा मुलगा ज्याच्या मागे आहे, त्यात वितळलेल्या धातूत एक दांडा बुडवतात. त्याला सोनोट्रोड म्हणतात. तो सेकंदाला सुमारे २०,००० वेळा कंप पावतो. कानाला ऐकू न येणारा हा जलद कंप म्हणजेच अल्ट्रासाऊंड. सोनोग्राफीच्या लहरी याहून कितीतरी जलद आणि सौम्य असतात. त्यांचं काम फक्त आत डोकावण्याचं. इथे जोर एवढा असतो की द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फट्कन मिटतात. चष्म्याच्या दुकानात काचा धुवायचा छोटा टब पाहिला असेल, त्यातही हेच घडतं. बुडबुडा मिटताना जो धक्का बसतो त्याने त्या झाडांच्या फांद्या तुटतात, तुकडे द्रवात पसरतात आणि प्रत्येक तुकड्यापासून नवा रवा वाढू लागतो. एरवी द्रव धातूशी नीट न भिजणारे ऑक्साईडचे बारीक कणही भिजतात आणि त्यांच्यावरही रवे धरतात. शिवाय धातूत विरघळलेला हायड्रोजन बुडबुड्यांबरोबर वर येऊन निघून जातो. तो राहिला तर गोठल्यावर कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, आतून सच्छिद्र होतं, कारण द्रव अॅल्युमिनियम जेवढा हायड्रोजन सामावतं त्याचा अगदी थोडा भाग घट्ट अॅल्युमिनियमला धरून ठेवता येतो.

म्हणजे विषय पोकळ नाही. सोव्हिएत रशियात गेल्या शतकातच यावर पायाभूत काम झालं, आणि आज लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठासारख्या ठिकाणी ते जोमाने चालू आहे. पण कारखान्यांत रवा बारीक करायला अजूनही बहुतेक ठिकाणी टायटॅनियम-बोरॉनचा मिश्रधातूच टाकतात. तो स्वस्त आहे, हातात बसलेला आहे. अल्ट्रासाऊंडचा परिणाम दांड्याच्या टोकाजवळच जास्त होतो, मोठ्या भट्टीभर पोचवणं कठीण. दांडा स्वतःच गरम अॅल्युमिनियममध्ये झिजतो आणि विरघळतो, म्हणून नायोबियमसारखा महाग धातू वापरावा लागतो.

तुमच्या भीतीचं उत्तर इथे आहे. त्याने "अल्ट्रासाऊंडवाला" व्हायचं ठरवलं तर ते एका खाणीवर संसार मांडण्यासारखं होईल. त्याने ओतकामाचं धातुशास्त्र शिकावं: धातू गोठतो कसा, भेगा का पडतात, सच्छिद्रता कुठून येते. अल्ट्रासाऊंड हे त्यातलं एक अवजार. उद्या ते मागे पडलं तरी मोटारींची चाकं, इंजिनाचे भाग, विजेवरच्या गाड्यांच्या मोटरींची कवचं ओतावीच लागणार आणि त्यातले दोष ओळखणारा माणूस लागणारच.

नोकरी आजच नाकारायला नको. एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा फेब्रुवारीत असते, निकाल मार्चमध्ये. अर्जाची मुदत सहसा सप्टेंबर-ऑक्टोबरात संपते, तेव्हा चतुर्थीची धावपळ उरकताच तो अर्ज भरून होऊ दे. मेकॅनिकलचा विद्यार्थी धातुशास्त्राचा पेपरही देऊ शकतो. गुण तीन वर्षं चालतात, म्हणजे आधी नोकरी करून मग शिकायला जाणंही शक्य आहे. गेटमधून एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, त्यामुळे घरावर सगळा भार पडत नाही. सुरतकलची एनआयटी, पुण्याचं सीओईपी, नागपूरची व्हीएनआयटी, मुंबईची आयआयटी इथे या विषयाचे चांगले विभाग आहेत. सुरतकल तर कोकण रेल्वेवरच. मार्चनंतर जे ठरेल ते कंपनीला वेळेत आणि स्पष्ट कळवायला मात्र त्याला सांगा. त्यांनी त्याच्यासाठी जागा धरून ठेवलीय.

एक गोष्ट लपवणार नाही. या कामाला गोव्यात वाव थोडा आहे. मुलगा पुण्याला किंवा त्याहून लांब जाईल, हे मनाशी धरून ठेवा.

आणि एम.टेक.चा निर्णय घेण्याआधी त्याने महिनाभर अॅल्युमिनियमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, उभं राहावं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्पही तिथेच करता येईल. लगेच अल्ट्रासाऊंडचा जनरेटर आणि सोनोट्रोडच्या मागे न लागता एलएम २५ हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू एकदा वाळूच्या साच्यात आणि एकदा लोखंडी साच्यात ओतावा, तुकडे कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली रवे मोजावेत. त्या मोजणीत त्याचा जीव रमला, तर मी स्वतः म्हणेन, पाठवा. कंटाळला, तर वेर्ण्याची नोकरी आहेच. घरच्या परसात मात्र धातू वितळवू देऊ नका. साच्यात किंवा चिमट्यावर ओलाव्याचा थेंब राहिला तरी गरम अॅल्युमिनियम स्फोटासारखं उडतं. फाउंड्रीत अवजारं आधी तापवून कोरडी करतात ती याचसाठी.

पहिल्या दिवशी त्याच्या बाबांना बरोबर पाठवा. सुती कपडे, पायात बंद बूट. खाणीवरच्या यंत्रांचे तुटलेले भाग ज्याने वर्षानुवर्षं हातात घेऊन पाहिलेत, त्याला मुलाचा विषय माझ्या पत्रापेक्षा तिथे लवकर कळेल. तुटलेल्या कास्टिंगचा एखादा तुकडा मागून घ्यायला सांगा. तुटलेल्या जागी रवा जाड दिसतो की बारीक, ते दोघांनी मिळून पाहावं.