जात्याला टाकी लागलेली नव्हती

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी-रविवारी तू तुमच्या गावच्या त्या जुन्या वाड्यातल्या स्मारकात स्वयंसेविका म्हणून जाणार, हे वाचून फार बरं वाटलं. "मावशी, जाण्याआधी काय काय वाचू?" असं विचारलंयस. वाचायचं ते तू वाचशीलच, इतिहासात एम. ए. केलेल्या मुलीला मी काय पुस्तकं सांगणार! मी दुसरंच सांगते. पहिला महिनाभर कुणाला काही समजावून सांगायला जाऊ नकोस. त्या घराचा केर काढ.

मी अगदी मनापासून सांगते आहे. एका स्मारकात मी सव्वीस वर्षं काढली. त्या घराची सगळ्यात नेमकी माहिती मला क्युरेटरच्या टेबलावर मिळाली नाही, झाडलोट करणाऱ्या बाईंकडून मिळाली. माजघरातल्या एका तसबिरीमागे वाळवीची मातीची नळी वर चढतेय, हे आधी त्यांना दिसलं. तुळईखाली रोज सकाळी चिमूटभर पिवळसर भुसा पडतो, म्हणजे लाकडात किडा लागलाय, हेही त्यांनीच सांगितलं. धूळ कुठल्या कोपऱ्यात जास्त साचते त्यावरून वारा कुठून शिरतो ते कळतं. फरशी कुठे ओलसर लागते त्यावरून पाणी कुठे मुरतंय ते कळतं. वस्तुसंग्रहालयात वस्तू घरात ठेवलेल्या असतात, पण आपल्या या कामात घर हीच पहिली वस्तू. ती कपाटात बंद करून ठेवता येत नाही. तिच्यावर पाऊस पडतो, आणि तिच्यातून रोज शेकडो पावलं चालतात.

सेवाग्रामला तू शाळेच्या सहलीत गेली असशील. पुन्हा जा, आणि या वेळी भिंती बघ. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याहून तिथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. शेगावच्या नावाशी घोळ होऊन टपाल चुकायचं म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव पडलं. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो ती आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची कुटी. पुढे वाढवून ती बापूंसाठी केली. भिंतीवर मातीतच उठावानं काढलेली ताडाची झाडं, चरखा आणि ॐ ही मीराबेनच्या हातची. आता विचार कर, माती, बांबू, लाकूड आणि कवेलू म्हणजे कौलं यांचं हे घर इतकी वर्षं उभं कसं राहिलं? कुणीतरी दर वर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरतं, फुटलेली बदलतं, भिंतींना मातीचा हात देतं, जमीन सारवतं, म्हणून. मातीचं घर एकदा दुरुस्त करून विसरता येत नाही. त्याला माणूस लागतो, आणि त्या माणसाच्या हातात कसब लागतं. सारवणारा हात नाहीसा झाला की बापू कुटीची नक्कल उरेल, बापू कुटी उरणार नाही. म्हणून तुमच्या वाड्यातही पहिल्यांदा कारागिरांची चौकशी कर. चुन्याचं काम कोण करतं, सुतार कोण, कौलं कोण फेरतो. त्यांची नावं, फोन आणि त्यांनी काय काय केलं ते एका वहीत लिहून ठेव. असली वही फार थोड्या ठिकाणी असते.

आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेव. जुन्या भिंतीला सिमेंट लावताना दिसलं तर तिथेच थांबव. तुझा अधिकार असो-नसो, थांबव. मातीची आणि चुन्याची भिंत ओल शोषते आणि परत बाहेर सोडते. सिमेंटनं तिचं तोंडच बंद होतं. आत कोंडलेलं पाणी मग क्षार घेऊन दुसरीकडून फुटतं, पोपडे सुटतात, विटा भुसभुशीत होतात. एका ठिकाणी मागच्या भिंतीला असं 'पक्कं काम' झालेलं मी पाहिलं आहे. तीनच पावसाळ्यांत ती भिंत आतून सडली. काम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, म्हणून तर अजून दुःख होतं.

आता बोलण्याबद्दल. माझ्याकडून झालेली एक चूक तुला सांगते.

आमच्या स्मारकाच्या स्वयंपाकघरात एक जातं होतं. शाळेची मुलं आली की मी त्यांना जात्याभोवती बसवून सांगायची, "या घरातल्या आई पहाटे चार वाजता उठून याच जात्यावर दळायच्या." मुलं गप्प व्हायची, शिक्षिकांचे डोळे पाणवायचे. सहा-सात वर्षं मी हे सांगत होते. एके दिवशी एका शाळेबरोबर कुणाची तरी आजी आली होती. मुलं पुढे गेली, ती मागे राहिली. वरची पाळ जराशी उचलून तिनं खालच्या पाळीवर हात फिरवला आणि मला हलकेच म्हणाली, "बाई, याला टाकीच लागलेली नाही. यावर कुणी कधी दळलं नाही."

दळता यावं म्हणून पाळीवर छिन्नीनं खाचा पाडतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. मी दगडाला हात लावला. गुळगुळीत होता. चार दाणे दळता येतील अशी एकही खाच त्यात नव्हती, खुंट्याचं भोकही कोरंच होतं. संध्याकाळी दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद असते ती वही, काढली. जातं स्मारक उघडायच्या वेळी मांडणीसाठी बाजारातून विकत आणलेलं होतं. किंमतसुद्धा लिहिलेली होती. सात वर्षांत ती वही मी एकदाही उघडून पाहिली नव्हती.

त्या आजींनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, प्रत्येक वस्तूसमोर उभं राहून स्वतःला विचारायचं : ही त्यांचीच, की त्या काळातली, की नंतर आणलेली? या तिन्ही वस्तू ठेवण्यात काही गैर नाही, पण तिन्हींची भाषा वेगवेगळी. "हे जातं त्या काळी घरोघरी असायचं तसं आहे, मूळचं आता उरलेलं नाही," एवढं म्हटलं तरी मुलं तितकीच लक्ष देऊन ऐकतात. मी नंतर तसंच सांगत राहिले, म्हणून अनुभवानं सांगते. दुसरी गोष्ट, येणाऱ्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त माहीत असू शकतं. चूल, उखळ, पाटा, कंदील, बलुतं, पडवी, यांतलं काही ना काही आलेल्यांपैकी कुणीतरी स्वतः वापरलेलं किंवा अनुभवलेलं असतं. त्यांना विचार. त्यांनी सांगितलेलं त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेव.

घर ज्यांच्या नावानं ओळखलं जातं त्यांच्याखेरीज तिथे कोण कोण राहायचं, हे शोधायला मात्र तू अगदी पहिल्या दिवसापासून लाग. सेवाग्रामला आधी सगळेच आदि निवासात राहायचे, एका छपराखाली. कस्तुरबांना स्वतःचा म्हणून आडोसाही नव्हता. जमनालालजी बजाजांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी बा कुटी बांधवली. ती लहानशी कुटी पाहताना मला दर वेळी वाटतं, बांच्या आयुष्याबद्दल जे कुणी बोललं नाही ते हे चार हात घर बोलतं. जवळच परचुरे शास्त्रींची कुटी आहे. कुष्ठरोग झालेला हा संस्कृत पंडित, घरच्यांपासून दुरावलेला. त्याला आश्रमात जागा मिळाली आणि गांधीजी स्वतः त्याच्या अंगाला मालिश करायचे. दोन्ही कुट्यांमधलं अंतर पावलांनी मोजून बघ. 'सेवा' या शब्दावर तासभर भाषण केलंस तरी जे पोचणार नाही, ते त्या चालण्यात पोचतं.

पुण्यात महात्मा फुले वाड्यात जाशील तेव्हा घाई करू नकोस. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आपलं पाणी, आपल्या अंगणातलं, आपल्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. घराला उंबरठा असतो म्हणून या कृतीला एवढं वजन आहे. सभेत ठराव करणं वेगळं आणि घराचं पाणी देणं वेगळं. त्याच वाड्यात तुळशी वृंदावनापाशी जोतीरावांच्या अस्थी आहेत. आपल्याला मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती, नगरपालिकेनं परवानगी दिली नाही, दहन करावं लागलं. तेव्हा टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे न्यायचं मडकं, हातात धरून अंत्ययात्रेच्या पुढे सावित्रीबाई चालल्या. १८९० साली! हे सगळं त्या वृंदावनासमोर उभं राहून सांगायचं. दारातच उभं राहून सांगायचं नाही. जागा आणि गोष्ट यांची गाठ पडली पाहिजे. मुंबईच्या मणिभवनात गांधीजींची ४ जानेवारी १९३२ च्या पहाटेची अटक गच्चीवर सांगावी, कारण ती तिथून झाली.

कधीकधी घरच फसवं असतं. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, जिथे गांधीजींना कैदेत ठेवलं होतं, एक तरुण शेजारच्याला म्हणत होता, "एवढ्या महालात ठेवलं होतं, म्हणजे मजाच होती की!" त्याला रागावून उपयोग नव्हता. उंच कमानी आणि हिरवळ पाहून कुणालाही तसंच वाटेल. तिथल्या माणसानं त्याला नुसतं समाध्यांकडे नेलं. ९ ऑगस्ट १९४२ ला अटक झाली आणि सहा दिवसांनी, १५ ऑगस्टला, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिथे वारले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबाही तिथेच वारल्या. तो मुलगा बराच वेळ तिथे उभा होता. वाद न घालता योग्य जागी नेणं, हे मी त्या दिवशी त्या माणसाकडून शिकले.

वस्तू हाताळण्याचं थोडक्यात. जुन्या कागदाला हात लावताना पांढरे सुती हातमोजे घालू नकोस. त्यानं बोटांना कागद कळत नाही आणि कडा फाटतात. हात स्वच्छ धुऊन कोरडे कर, ते पुरे. धातूला मात्र हातमोजे हवेतच, घामाचे डाग तांब्या-पितळेत उतरतात. कागद लॅमिनेट करू देऊ नकोस, चिकटपट्टी लावू देऊ नकोस. कापड, छायाचित्रं आणि हस्तलिखितं यांच्यासाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास प्रकाश ठेवायचा असतो, आणि आपल्याकडचं दुपारचं ऊन लाखाच्या घरात जातं. एकदा उडालेला रंग परत येत नाही. तेव्हा खिडकीला खादीचा जाड पडदा लावायला सांग, त्याला फारसा खर्चही नाही. पितळी भांडी चिंचेनं घासून लख्ख करण्याचा उत्साह कुणाला आला तर गोड बोलून आवर. भांड्यावरचे वापराचे ओरखडे आणि काळपटपणा हाही त्याचा इतिहासच.

शेजाऱ्यांशी बोलत राहा. हे घर कुणाच्या तरी आळीत आहे. लंडनमध्ये १० किंग हेन्रीज रोड इथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले होते. ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये घेतलं. पण वस्ती राहत्या घरांची, आणि गर्दी-गोंगाटाची तक्रार झाली. स्थानिक कौन्सिलनं संग्रहालयाला परवानगी नाकारली, आणि २०२० मध्ये वरच्या पातळीवर ती मिळाली तेव्हा वाद मिटला. तुमच्या वाड्यासमोर सहलीच्या चार बस उभ्या राहतात तेव्हा समोरच्या काकांची स्कूटर अडकते. त्यांना वर्षातून एकदा चहाला बोलवा. वाड्याच्या जुन्या आठवणी बहुधा त्यांच्याच घरात असतील.

पैशाचंही बोलते, कारण संकोचानं तू विचारणार नाहीस. स्वयंसेवा म्हणजे स्वतःच्या खिशातून झीज सोसणं नव्हे. जाण्या-येण्याचं भाडं माग. किती तास येणार, काय करणार, सुट्टी केव्हा, हे पहिल्याच आठवड्यात लिहून घे. आणि जे काम एखाद्या पगारी माणसाचं आहे ते तू फुकट करते आहेस म्हणून त्याची नोकरी जाता कामा नये, यावर डोळा ठेव. मघाशी केर काढ म्हटलं ते त्या बाईंच्या जोडीनं, त्यांच्याकडून शिकत. त्यांच्या जागी नव्हे.

मे महिन्याच्या मध्यावर चार दिवस सुट्टी काढून माझ्याकडे ये. आमच्याकडे तेव्हा कवेलू फेरायचं काम चालू असतं, तुला वर चढवते. ऊन कडक असेल, डोक्याला पंचा आण. एक संध्याकाळ सेवाग्रामला जाऊ, प्रार्थनेला बसू. आणि येताना तुमच्या वाड्याच्या दाखल नोंदवहीच्या पहिल्या दहा पानांची नक्कल करून आण. माझ्यासमोर बसून आपण एकेक नोंद लावून बघू.

तुझी,
मावशी