शंका-समाधान: प्रयोगवहीतले बेशिस्त आकडे

परिसंस्थाशास्त्र आणि उत्क्रांतीच्या प्रॅक्टिकलबद्दलच्या चार शंका या वेळी घेतल्या आहेत. चौघांपैकी तिघांची तक्रार एकच: हवं तसं उत्तर येत नाही.

प्रश्न: हार्डी-वाइनबर्ग नियमासाठी (निवड वगैरे नसेल तर अलीलच्या, म्हणजे जनुकाच्या रूपांच्या, वारंवारता पिढ्यानपिढ्या त्याच राहतात) पिशवीत १० लाल आणि १० पांढरे मणी घेतले. कुठलीही निवड केली नाही, तरी पाचव्या पिढीत लाल अलीलची वारंवारता ०.५ वरून ०.७ झाली. शिक्षक म्हणतात, रीडिंग चुकलं. नेमकं काय चुकलं?

उत्तर: बहुधा काहीच नाही. समष्टी खूप मोठी असावी, ही या नियमाची अट तुमच्या पिशवीने सुरुवातीलाच मोडली. २० मणी म्हणजे जेमतेम १० द्विगुणित (प्रत्येकी दोन अलील असलेले) जीव. एका पिढीत अपेक्षित प्रमाण विचलन pq भागिले २N याचं वर्गमूळ (p आणि q या दोन अलीलच्या वारंवारता, N जीवांची संख्या), म्हणजे ०.२५ भागिले २० चं वर्गमूळ: सुमारे ०.११. पाच पिढ्यांत ते वाढत ०.२४ च्या आसपास जातं. त्या हिशेबाने ०.७ अगदी नेहमीचं. निव्वळ योगायोगाने होणाऱ्या या बदलालाच जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात आणि तुम्ही तो मोजलात.

संशय घ्यायचा तर दरवेळी बरोब्बर ०.५ आणणाऱ्या गटाचा घ्या. काढलेला मणी त्यांनी पिशवीत परत टाकलेला नसतो. वीसातले वीसही मणी बाहेर काढले की दहा लाल, दहा पांढरे निघणारच. जर्नल देखणं होतं, प्रयोग मात्र झालेलाच नसतो. बरोबर रीत अशी: एक मणी काढा, रंग लिहा, परत टाका, पिशवी हलवा, असं २० वेळा. लागोपाठचे दोन मणी म्हणजे एक जीव, म्हणजे जीनोटाइपही (जीवांच्या अलीलच्या जोड्या) मिळतात. मग आलेल्या संख्येप्रमाणे पुढच्या पिढीची पिशवी भरा. मणी एकाच मापाचे आणि वजनाचे हवेत. काचेचे लाल आणि प्लास्टिकचे पांढरे घेतलेत तर जड मणी तळाशी बसतात आणि तुमच्या नकळत निवड सुरू होते.

वर्गातल्या सगळ्या गटांच्या रेषा एकाच आलेखावर काढा. सगळ्या ०.५ पासून निघून फाकत जातात, सरासरी मात्र मधोमधच रेंगाळते. पुढे चालू ठेवलंत तर सरासरी २८ पिढ्यांत एक रंग संपतो. मग हेच १०० जीवांसाठी करा. त्याला २०० मणी लागत नाहीत, त्याच पिशवीतून परत टाकत २०० वेळा काढा. एका पिढीचं विचलन ०.०३५ वर येतं. आणि १० जीवांवर काय-वर्ग चाचणी (आलेल्या आणि अपेक्षित संख्यांची तुलना) लावू नका. अपेक्षित संख्या २.५, ५ आणि २.५ येतात, इतक्या लहान आकड्यांवर ती भरवशाची नसते.

प्रश्न: वनस्पतींच्या सर्वेक्षणात आम्ही क्वाड्रॅट (ठरलेल्या मापाची चौकट) खांद्यावरून मागे फेकतो. किती वेळा फेकावा?

उत्तर: एकदाही नको. डोळे मिटून फेकला तरी तो यादृच्छिक नसतो. काटेरी झुडपाकडे पाठ करून कुणी उभंच राहत नाही. २० मीटरच्या दोन टेप काटकोनात अंथरा, मोबाइलवर यादृच्छिक अंकांच्या जोड्या काढा आणि चौकटीचा ठरलेला कोपरा, समजा डावा-खालचा, त्या बिंदूवर ठेवा. बिंदू काटेरी झुडपात पडला तर तिथेच ठेवायचा.

किती चौकटी, हे जागाच सांगते. प्रत्येक चौकटीनंतर एकूण जातींची संख्या आलेखावर मांडा. पाच-सहा चौकटींत नवी जात आली नाही की जातींच्या यादीपुरतं थांबायला हरकत नाही. अर्थात दुर्मीळ जाती तेव्हाही सुटलेल्या असू शकतात. घनतेसाठी मात्र सरासरी स्थिर होईपर्यंत मोजा, झाडं पुंजक्यांनी असतील तर चौकटी बऱ्याच जास्त लागतात. कडेवरच्या रोपांचा नियम आधीच ठरवा: डाव्या आणि खालच्या कडेवरचं रोप धरायचं, उजव्या आणि वरच्या कडेवरचं सोडायचं. पाहायचं ते मूळ कुठे आहे, पानं कुठे झुकली आहेत ते नाही. पसरणाऱ्या गवताची रोपं मोजत बसू नका, एक रोप कुठे संपतं हेच कळत नाही. तिथे आच्छादनाची टक्केवारी घ्या.

प्रश्न: तळ्याच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने काढताना आमच्या गटाचं उत्तर शेजारच्या गटापेक्षा कायम जास्त येतं. पाणी तेच, बाटल्या तशाच.

उत्तर: दोन जागी पाहा. पहिली, बाटली भरणं. बादलीतून ओतलंत तर ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात हवा मिसळते. नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडा आणि बाटलीच्या दोन-तीनपट पाणी वरून वाहू द्या. बुचाखाली बुडबुडा राहिला तर तो नमुना फेकून द्या. ३०० मिलिच्या बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड-अझाइड प्रत्येकी १ मिलि, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून घाला. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. साका खाली बसल्यावर १ मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल शिक्षकांच्या देखरेखीखाली घाला आणि बूच लावून साका विरघळेपर्यंत बाटली उलटीसुलटी करा.

दुसरी जागा, थायोसल्फेट, म्हणजे शेवटी ब्युरेटमधून सोडायचं ते द्रावण. जुनं द्रावण अशक्त होतं, ते जास्त लागतं, म्हणून उत्तर फुगतं. दोन्ही गटांच्या ब्युरेट एकाच बाटलीतून भरून पाहा, फरक गेला तर दोष द्रावणाचा. ०.०२५ नॉर्मल द्रावण असेल आणि २०१ मिलि नमुना घेतला तर १ मिलि म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. वरचा १ मिलि रसायनांनी बाहेर सांडलेल्या पाण्याची भरपाई. स्टार्च फिकट पिवळा रंग आल्यावरच घाला. शेवटबिंदूनंतर (निळा रंग पहिल्यांदा जातो त्यानंतर) काही वेळाने निळा रंग परतला तर तो मोजायचा नाही.

एवढं करूनही आकडा ११ आला, तर लगेच खोडू नका. समुद्रसपाटीला, २५ अंश तापमानात हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पण शेवाळाने हिरवंगार झालेलं तळं भर दुपारी त्याच्या वर सहज जातं. नमुन्याची वेळ आणि तापमान लिहिलेलं नसेल तर हा आकडा खरा की खोटा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

प्रश्न: ड्रॉसोफिला या फळमाशीच्या खुरट्या पंखांच्या माद्या आणि सामान्य नर असा संकर केला. खुरटे पंख अप्रभावी, म्हणून पहिल्या पिढीत सगळ्यांना पूर्ण पंख हवे होते, पण काही खुरट्या निघाल्या.

उत्तर: माद्या व्हर्जिन नव्हत्या, म्हणजे त्यांचं आधीच मीलन झालं होतं. मादी आधीच्या नराचे शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे तिच्याच प्रकारच्या नराची पिल्लं पुढेही निघत राहतात. सकाळी कुपीतल्या सगळ्या माश्या काढून टाका आणि २५ अंशांना ८ तासांच्या आत नव्याने निघालेल्या माद्या वेगळ्या करा. ताज्या मादीचं अंग फिकट असतं आणि पोटातून एक गडद ठिपका दिसतो. या माद्या तीन-चार दिवस नराविना ठेवा. त्या कुपीत अळ्या दिसल्या तर ती अख्खी कुपी बाद. संकर लावल्यावर सातव्या-आठव्या दिवशी आईबाप काढून टाका. दहाव्या दिवसापासून पिल्लं उडू लागतात आणि मग त्यांच्यातून खुरट्या पंखांच्या आया वेगळ्या ओळखता येत नाहीत.