मी सुधारली की मोबाईल?

प्रश्न : नमस्कार ताई. आमचं घर इतवारीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक जवळूनच जाते, म्हणून मी 2014 पासून दरवर्षी फोटो काढते, कोरोनात बाहेर पडली नाही तेवढं सोडून. आधी यांच्या डीएसएलआरवर काढायची, 2022 पासून मोबाईलवर. परवा हार्ड डिस्क साफ करता करता सगळे फोल्डर उघडून बसली आणि जुने फोटो पाहून माझी मलाच लाज वाटली, हललेले, काळपट, कुठं मारबतीचं डोकंच कापलेलं. नवे मात्र मस्त! पोराला कौतुकानं दाखवलं तर म्हणे, आई, तू नाही शिकली, मोबाईल शिकला. आता मलाच कळून नाही राहिलं की खरं काय. आणि अजून एक, कॅमेऱ्याची बॅटरी काढली की तारीख उडायची, त्यामुळे दोन फोल्डरवर 1 जानेवारी पडली आहे, ती वर्षं कशी ओळखायची?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पोट्ट्याचं अर्धं बरोबर आहे पण त्याला सांगू नका.

आजकालचा मोबाईल तुम्ही एकदा बटण दाबलं की आतल्या आत तीन-चार किंवा जास्तच फोटो घेतो आणि त्यांचा मिळून एक करतो, वरचं पांढरं आभाळ आणि खालची अंधारी गल्ली दोन्ही नीट दिसतात, हात हलला तरी बरंच सांभाळून घेतो. म्हणजे उजेड, रंग, कडक फोकस याचे मार्क तुम्हाला नाही मिळणार, पोराला देऊन टाका. पण कुठं उभं राहायचं, कधी दाबायचं, मागे काय येऊन राहिलं हे मोबाईल नाही ठरवत. तिथं काय फरक पडला तेवढंच पाहा.

सुरुवात कॅमेऱ्याच्या फोटोंपासून करा कारण तिथं मशीन एकच होतं, बदलल्या असाल तर तुम्हीच. कॉम्प्युटरवर फोटोवर राईट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. (व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या कॉपीत ही माहिती उडालेली असते, म्हणून ओरिजिनलच उघडा.) शटर स्पीड बघा, म्हणजे फोटो घेताना शटर सेकंदाचा कितवा भाग उघडं होतं ते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ढगाळ हवा, त्यात इतवारीतल्या गल्ल्या, ऑटोवर ठेवलं की कॅमेरा 1/30 वर जाऊ शकतो आणि नाचणारी पोरं पुसल्यासारखी दिसतात. पुढच्या एखाद्या वर्षी तिथंच 1/250, 1/500 आणि आयएसओ (कमी उजेडात वाढवायचा आकडा) 1600 दिसलं तर ते बहुतेक तुम्ही मुद्दाम केलं होतं, तेव्हा हातात मोबाईल नव्हताच!

मग फोकल लेन्थ, म्हणजे झूम किती केला होता तो आकडा. तुमची लेन्स बहुतेक 18-55 वाली असेल. सगळे फोटो 55 वर असतील तर तुम्ही ओट्यावर उभं राहून झूम करत होत्या, आणि 18-20 वर असून चेहरे मोठे दिसत असतील तर गर्दीत शिरल्या होत्या. मला विचाराल तर शटर-बिटर राहू द्या, हा आकडा वर्षावर्षानं कसा उतरला तेच आधी पाहा, कारण सेटिंग चार दिवसात शिकता येते पण लोकांच्या मधात शिरायची भीड मोडायला वर्षं जातात.

आता एक उद्योग करा. 2014 चा एक आणि 2024 चा एक फोटो शेजारी लावा आणि दोन्हीतल्या पिवळ्या मारबतीवर अंगठा ठेवा. उरलं काय? एकात नुसती डोकी, विजेच्या तारा, कुणाचं तरी होर्डिंग, आणि दुसऱ्यात एखादी आजी नातवाला उचलून मारबतीच्या पायाशी टेकवून राहिली, तिचा पदर खांद्यावरून घसरलाय, पोरगं रडून राहिलंय, असं काही असेल तर शिकल्या तुम्ही. उलटंही निघू शकतं हं. मोबाईल आला तसे आपण सगळेच हात वर करून डोक्यांवरून फोटो काढायला लागलो, त्यामुळे नवे फोटो चकाचक पण सगळे एकाच उंचीवरून, आणि जुना हललेला एखादा मात्र माणसाच्या नजरेसमोरून काढलेला, त्यात जीव असतो. माझंच सांगते, माझ्या जुन्या फोल्डरमध्ये फुटाळ्याचे सूर्यास्तच सूर्यास्त आहेत, प्रत्येकात तलाव असा तिरपा की पाणी सांडून तेलंगखेडीत जाईल, पण त्यातच चणेवाल्याच्या हाताचा एक फोटो आहे तसा मला आज नाही जमत.

आणि निवडक फोटो पाहून ठरवू नका, बाद केलेले डिलीट नसतील केले तर तेही पाहा. आधी दोनशे काढून चार बरे निघायचे आणि आता चाळीस काढून चार, तर हाही फरकच आहे ना!

आता तारखेचं. 1 जानेवारी पडलेल्या फोल्डरमध्ये फोटोंचा फक्त क्रम कळतो, वर्ष फोटोतूनच काढावं लागेल, आणि मारबतीत ते सोपं आहे कारण सोबत बडगे (दुसरे पुतळे) निघतात. बडग्यावर त्या वर्षी लोक ज्याच्यावर चिडले तेच लिहिलेलं असतं, महागाई, रस्ते, भ्रष्टाचार. फोटो झूम करून पाट्या वाचा. नोटबंदीचा बडग्या दिसला तर तो 2016 चा असूच शकत नाही, नोटबंदी नोव्हेंबरातली, त्या वर्षीचा पोळा आधीच होऊन गेला होता, म्हणजे 2017 किंवा नंतरचा. घरच्या कुणाच्या मोबाईलमध्ये त्याच दिवसाचा एखादा फोटो असेल तर काम अजूनच सोपं, फक्त पोळा तिथीनं येतो हे ध्यानात ठेवा, 2023 ला अधिक श्रावण होता म्हणून मारबत 15 सप्टेंबरला निघाली आणि 2024 ला 3 सप्टेंबरला. वर्ष सापडलं की फोल्डरचं नाव लगेच बदलून टाका, उद्यावर नका ढकलू.